वीस ते तीस वयाच्या पोरांनी जायचं कुठं?

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव.

विषय: तरुण पुरुषांमधली लिंगाला ताठरता न येण्याची तक्रार आणि सरकारी दवाखान्यात तिला नसलेली जागा.

महोदय,

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे काउंटरवर बसून मी निदान करायला निघालोय असा गैरसमज नको. पण विषयात लिहिलेली तक्रार तुमच्या ओपीडीच्या आधी माझ्याकडं येते, आणि बहुतेक वेळा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

ही तक्रार कशी येते ते बघा. रात्री साडेनऊच्या सुमारास, शटर अर्धं ओढल्यावर. पोरगा आधी मोटारसायकलवर दुकानापुढून एक-दोन चकरा मारतो. काउंटरवर बाई नाही, ओळखीचं कुणी नाही, याची खात्री झाली की उतरतो आणि तापाच्या गोळ्या मागतो. पैसे देतो, सुटे घेतो, तरी हलत नाही. मग मोबाइल पुढं करतो. त्यावर एका पाकिटाचा फोटो. "काका, हे हाय का?" कुणाला पाहिजे विचारलं की उत्तर ठरलेलं, "दोस्ताला पाहिजे." या तालुक्यातले सगळे दोस्त आजारी आणि गोळ्या न्यायला येणारे सगळे ठणठणीत! वय बहुतेक पंचवीस-सव्वीस, कधी बाविशीचंही पोर असतं.

डॉक्टरची चिठ्ठी आण म्हटलं की तो मान हलवून निघून जातो. ताठरतेची ही गोळी औषध नियमांच्या अनुसूची 'एच' मधली आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. पण गावात मेडिकल काही माझं एकट्याचं नाही. मी नाही दिली म्हणून त्याला मिळत नाही असं समजण्याइतका मी भोळा नाही.

आता तुमच्याकडं वळतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. त्यांच्यासाठी आपल्याकडं मैत्री क्लिनिक आहेत. पुढं बीपी, शुगर, कॅन्सर यांची घरोघरची तपासणी आहे, ती तिशीनंतरची. म्हणजे विसाव्या वर्षी मैत्री संपते आणि तपासणीला अजून दहा वर्षं असतात. पोरगा कमवायला लागतो, तंबाखू धरतो, लग्न करतो, रात्रपाळी करतो, ते सगळं याच दहा वर्षांत. २०२३ मध्ये राज्यात १८ वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीची मोहीम निघाली होती, ती चांगलीच होती. पण मोहीम आज असते, उद्या नसते. या वयाच्या पुरुषाला वर्षभर कधीही जाता येईल असं ठिकाण आपल्याकडं नाही.

ती मोकळी जागा कुणी भरली, ते एसटी स्टँडच्या मुतारीत जाऊन बघावं. भिंतीवर चिकटवलेले कागद: कमजोरी, लहानपणच्या चुका, हमखास इलाज, अमुक वारी अमुक लॉजवर भेटा. बाजाराच्या दिवशी जडीबुटीचा तंबू, पुढं काचेच्या बरण्यांत मुळ्या. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे, आणि लैंगिक क्षमता वाढवून देण्याच्या जाहिरातीला त्यात सरळ मनाई आहे. औषध नियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये, जे आजार बरे करतो असा दावा कुठल्या औषधाला करता येत नाही त्यांच्या यादीत, नपुंसकता आहे. सत्तर वर्षं कायदा आहे आणि सत्तर वर्षं भिंती रंगताहेत.

त्या पुड्यांत काय असतं, तर काहींत नुसती साखर आणि अश्वगंधा, आणि काहींत चक्क सिल्डेनाफिल, म्हणजे जी गोळी मी चिठ्ठीशिवाय देत नाही तीच कुटून घातलेली. जगभर अशा भेसळीच्या 'आयुर्वेदिक' मालावर वेळोवेळी कारवाई झाली आहे. पहिल्याच रात्री गुण येतो, माणसाचा विश्वास बसतो, आणि किती मात्रा पोटात गेली हे त्याला कळतही नाही.

आता कारणांबद्दल. मी जे लिहितोय ते तुम्हाला पाठ असेल, पण हे पत्र त्या पोरांच्याही हाती पडणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तिशीच्या आतल्या पोरांत सगळ्यांत जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे भीती. ताठरता हा सगळा रक्ताचा खेळ आहे. मन उत्तेजित झालं की मज्जातंतूंकडून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, आतले स्नायू सैल होतात, रक्त भरतं आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते तिथं टिकतं. घाबरलेल्या माणसाच्या अंगात अॅड्रेनालिन वाढतं आणि ते बरोबर याच्या उलट काम करतं: रक्तवाहिन्या आवळतं. शरीर पळायच्या तयारीत असताना हे काम होत नाही. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नं पडणाऱ्या झोपेच्या वेळी, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटे जाग आल्यावर जी जाणवते ती त्यातलीच शेवटची. पहाटे ती नीट येत असेल, एकट्यानं असताना येत असेल आणि बायकोजवळच येत नसेल, तर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बहुधा जागेवर आहेत. एवढी एक गोष्ट कुणी शांतपणे सांगितली, तर अर्ध्या पोरांना गोळी लागणार नाही असं मला वाटतं. हा हिशेब नाही, काउंटरवरचा अंदाज आहे.

आणि भीती कशाची, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळेना, तिशीला टेकल्यावर कसंबसं जमतं. लग्नाला कर्ज काढलेलं. सत्यनारायण झाला, त्या रात्री पत्र्याच्या खोलीत नवराबायको, आणि दाराबाहेर ओट्यावर पाहुणे गाद्या टाकून झोपलेले. सकाळी दोस्तांचे फोन, "काय मंग, झालं का?" चार दिवसांच्या दगदगीनं अंग मोडलेलं, दोन घोट घेतलेले, शेजारी एक अनोळखी मुलगी, तीही घाबरलेली. अशा रात्री नाही जमलं तर त्यात नवल काही नाही. दुसऱ्या रात्री मात्र त्याचं सगळं लक्ष आज जमतंय का नाही याकडंच, म्हणून पुन्हा जमत नाही. तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानापुढून चकरा मारतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि पुरा कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. नवी जोडी दिवाळीच्या आगंमागं सांगलीकडं, कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात जाते आणि पाडव्याच्या सुमारास परत येते. मधले सगळे महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत: दार नाही, शेजारच्या कोपीतला खोकला ऐकू येतो. पहाटे अंधारात फडात जायचं, आणि ट्रॅक्टर आला की रात्री कितीही वाजता गाडी भरायला उठायचं. सासू, दीर, सगळे तिथंच. ज्याला धड झोप नाही, एकांत नाही, त्याचं शरीर साथ देत नसेल तर त्याला आजार म्हणायचं का? परत आल्यावर एकानं मला विचारलं, "काका, ऊस तोडून तोडून ताकद आटते का?" आटत नाही म्हणालो. दोन महिने रात्रीची झोप घे, देशी बंद कर, मग बघू. तो हसला, पण ऐकलं असावं, कारण पुन्हा त्या कामासाठी आला नाही.

लहानपणच्या चुकांचंही इथंच उरकतो. हस्तमैथुनानं ताठरता जात नाही. वीर्य रक्ताच्या अमक्या थेंबांपासून बनत नाही. झोपेत किंवा लघवीतून 'धातू जाते' म्हणून माणूस खंगत नाही. या भीतीनं खरोखर खंगणारी माणसं आपल्या देशात इतकी आहेत की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला धात सिंड्रोम असं नाव दिलं. लॉजवरचा वैद्य विकतो तो हाच गैरसमज, आणि दिवसा कॉलेजला जाणारी पोरंसुद्धा तो विकत घेतात.

पण सगळं मनाचंच आहे म्हणून पाठीवर थाप मारून घरी पाठवणं हाही तितकाच मोठा घोटाळा आहे. गेल्या वर्षी एक ट्रकवाला आला, वय अठ्ठावीस, अंगानं भरलेला. गोळीच पाहिजे म्हणून अडून बसला. मी म्हणालो, गोळी राहू दे, बोट दे. ग्लुकोमीटरवर ३१८ आकडा आला, म्हणजे शुगर फारच वाढलेली. त्याच्या वडिलांना शुगर होती, पाय कापावा लागला होता, आणि याला कधी कुणी तपासलं नव्हतं. तिशीच्या आतला ना तो! रात्री चार-पाचदा लघवीला उठतो, हे त्यानं मला नंतर सांगितलं, तेही गाडीत पाणी जास्त प्यायल्यामुळं असेल म्हणून.

शुगरनं बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही खराब होतात. मधुमेह असलेल्या पुरुषांत ही तक्रार इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज होता, आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्यातले तरुण किती आपल्या तालुक्यात आहेत ते आपल्याला कळणार कसं, आपण विचारतच नाही. बीपी आणि कोलेस्टेरॉलचंही तेच. लिंगाची धमनी साधारण एक ते दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन ते चार. ठिबक टाकलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे की गाळ आला तर आधी बारीक ड्रिपर चोंदतात, मेन लाइन नंतर. ताठरता जाणं ही कधीकधी हार्ट अटॅकच्या काही वर्षं आधी आलेली नोटीस असते. इटलीतल्या मिलान शहरातल्या, २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात या तक्रारीसाठी पहिल्यांदा दवाखान्यात आलेल्यांत दर चारांत एक जण चाळिशीच्या आतला होता. तेव्हा हा म्हाताऱ्यांचा आजार ही समजूत तिकडंही मोडली आहे.

तंबाखूबद्दल तर बोलायची सोय नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कुठं मिळते हे शाळेतल्या पोरालाही विचारा. आमच्याकडं बिडी-सिगारेटपेक्षा तळहातावर मळून दाढेत धरायची पद्धत जास्त, म्हणून लोकांना वाटतं धूर नाही तर नुकसान नाही. निकोटीन कुठूनही रक्तात गेलं तरी रक्तवाहिनी आवळतंच. दारू दोन घोटांपुरती भीड चेपते आणि जास्त झाली की नसा बधिर करते. रोज पिणाऱ्याच्या वृषणांवर आणि मज्जातंतूंवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

एक नवं कारण मात्र मला जास्त छळतं, आणि त्यावर कुणी बोलत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी, जिममध्ये जाणारी पोरं इंजेक्शनची नावं घेऊन येतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन किंवा तसलं स्टेरॉइड टोचलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, आणि तो वृषणांना काम थांबवायला सांगतो. अंग फुगतं, वृषण आक्रसतात. इंजेक्शन बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं उत्पादन महिनोन्महिने रुळावर येत नाही, आणि नेमकं त्याच काळात इच्छा आणि ताठरता दोन्ही जातात. वीर्यातले शुक्राणूही घटतात. जिमचा सर हे सांगत नाही, कारण बहुधा त्यालाही माहीत नसतं. दंडाचा घेर वाढला की झालं.

नैराश्याच्या, मानसिक आजाराच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी, केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या एका गोळीनंही काहींना हा त्रास होतो. त्यावर उपाय असतो, डॉक्टर गोळी किंवा मात्रा बदलू शकतात. पण पोरगं लाजेनं विचारत नाही आणि गोळी मनानंच बंद करतं, मग मूळ आजार उसळतो. झोपेचं वर सांगितलंच: २०११ मध्ये अमेरिकेत निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या हार्मोनचा बिघाड, अपघातात मोडलेलं ओटीपोटाचं हाड, जन्मजात दोष हीही कारणं असतात, त्यासाठी वरचा दवाखाना लागतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हे होतं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण ते बघून आपलं कमीच आहे असं मनात घेणारी पोरं मी रोज बघतो.

गोळीबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण ती विकणं हा माझा धंदा आहे. ती चांगली गोळी आहे. डॉक्टरनं तपासून दिली तर कैक जणांचं काम होतं, आणि भीती मोडायला काही दिवस ती दिली जाते तेही बरोबरच. पण ती शुगर उतरवत नाही, इच्छा निर्माण करत नाही. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं ही घेतली तर बीपी इतका कोसळू शकतो की जीव जाईल. आणि ताठरता चार तास झाले तरी उतरली नाही तर ती इमर्जन्सी आहे, घरी बसायचं नाही. चिठ्ठीशिवाय गोळी देणारा माझा बांधव यातलं काहीच सांगत नाही, पाकीट कागदात गुंडाळून देतो.

मग मी पोराला म्हणतो, सरकारी दवाखान्यात जा, फुकट आहे. एकाला पाठवलं होतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. केसपेपरच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "काय होतंय?" मागं रांगेत त्याच्या गावचे दोघं. तो म्हणाला, कंबर दुखते. कंबरेच्या गोळ्या मिळाल्या, त्या घेऊन परत आला आणि मलाच विचारू लागला, काका, यानं होईल का? त्या बाईंची चूक नाही, त्यांना तेच विचारायचं सांगितलेलं आहे. पण या खिडकीतून ही तक्रार कधीच आत जाणार नाही.

म्हणून मागणं फार मोठं नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस संध्याकाळची ओपीडी, पुरुषांसाठी, एवढंच नाव असलेली. गुप्तरोग नको, लैंगिक नको. 'पुरुष आरोग्य तपासणी' असा बोर्ड पुरे. केसपेपरवर कारण विचारायचं नाही. दार बंद होणारी खोली. आत आलेल्या प्रत्येकाचा बीपी, कंबरेचा घेर आणि शुगर, मग तो कशासाठीही आलेला असो. गरज असेल त्याचं टेस्टोस्टेरॉन दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत. तंबाखू, दारू, झोप, चालू गोळ्या आणि जिमचं इंजेक्शन, एवढं डॉक्टरनं स्वतःहून विचारावं; रुग्ण सांगेल ही वाट बघू नये. नेहमीचं चालणं आणि व्यायाम यानं यात फरक पडतो हे अभ्यासांत दिसलंय: आठवड्याला साधारण १६० मिनिटं, सहा महिने. हे कुणी पोराला सांगितलं तर तो ऐकतो, कारण या एका गोष्टीसाठी तो काहीही करायला तयार असतो. तंबाखू सोडवायला याहून चांगली वेळ तुम्हाला मिळणार नाही.

भीतीच्या रुग्णांना समुपदेशक लागेल आणि शक्यतो बायकोलाही सोबत बोलवावं. आज तिचं काय होतं? मूल होत नाही म्हणून बोलणी ती खाते, देवऋष्याकडं तिलाच नेतात. आणि मूल न होणं वेगळं, ताठरता नसणं वेगळं, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. जिथं माणूस नाही तिथं निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावा, तो फुकट आहे आणि फोनवर तोंड दिसत नाही. पुढच्या उपचाराला छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, अंबाजोगाई आहे, नांदेड-लातूरची मेडिकल कॉलेजं आहेत. तिथल्या मानसोपचार आणि मूत्ररोग विभागाला तालुक्यातून आलेली चिठ्ठी ओळखता आली पाहिजे.

आणि मुतारीतले ते कागद. जिल्हाधिकारी, पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाला एक पत्र तुमच्या सहीनं गेलं, तर माझ्या दहा पत्रांपेक्षा जास्त हलेल.

माझ्याकडून एवढं करू शकतो: चकरा मारणाऱ्या पोराला गोळी न देता तुमच्याकडं पाठवीन. तालुक्यातल्या बाकीच्या मेडिकलवाल्यांशीही बोलतो, काही जण ऐकतील. फक्त कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या नंबरच्या खोलीत, हे कळवा.

आपला,
एक औषधविक्रेता, बीड जिल्हा